मिस्मारच्या सोळा ओळी

मिस्मारची जीभ बंदरवाल्यांनी कापली, असं लोक अजून सांगतात. आमच्या दर्बपासून, म्हणजे बेन्नूर मोहल्ल्यापासून, चार गल्ल्या पलीकडे गेलात, तर ती जीभ बरणीत मीठ घालून ठेवलीय असं ऐकाल. आणखी पुढे गेलात तर बरणी डोळ्यांनी पाहिलेला माणूस भेटेल. पार बंदरापर्यंत पोचलात तर बरणी विकायला काढलेला.

सगळं खोटं. जीभ जागेवर आहे, तिचा आवाज मी रोज जिन्यात ऐकते. तुटला तो जबडा. डाव्या बाजूला, दोन ठिकाणी. आणि तो बंदरवाल्यांनी तोडला नाही, आपल्याच माणसानं तोडला. मंगळवारी, सकाळी अकराला, टॅक्सीतळावर, लख्ख उन्हात, मोहम्मदियाला निघालेल्या उतारूंच्या देखत, चाकाचे नट सोडवायच्या पान्यानं. मारणाऱ्याचं नाव मरवान. पहिलीपासून चौथीपर्यंत दोघं एकाच बाकावर बसलेले.

मिस्मार म्हणजे खिळा. खरं नाव बूशाईब. ते त्याच्या आजोबांचं. पंचविशीच्या पोराला असलं नाव म्हणजे नव्या विजारीखाली म्हाताऱ्याचे बूट. तो आमच्या वरच्या मजल्यावर आईबरोबर राहतो, आणि कासाब्लांकात त्याच्याइतकं यमक घट्ट बसवणारा दुसरा रॅपर नाही. हे मी म्हणत नाही, त्याचे वैरी म्हणतात, तेही शिव्या देताना.

पोटापाण्याला तो टॅक्सी भरायचा. तळावर उभं राहून गावाचं नाव ओरडायचं, सहा उतारू गोळा करायचे, दार आपटायचं, पुढची गाडी. "मोहम्मदिया, मोहम्मदिया, एकच जागा, एकच!" गाडीत चिटपाखरू नसलं तरी एकच जागा. या धंद्यानं त्याला छाती दिली. बाकीचे रॅपर चौथ्या ओळीला माशासारखे तोंड उघडतात. मिस्मार एका श्वासात आठ ओळी म्हणायचा आणि नवव्या ओळीला शिंकायला वेळ काढायचा.

लिहायचा औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूला. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्याची निम्मी गाणी पुरवली आहेत. हे बघा, एकोणीस वर्षांचा असताना लिहिलेलं:

*पत्र्याच्या शहरात आलो, कात्रीच्या पहाऱ्यात न्हालो,*
*खात्रीच्या नकारात झालो शहाणा.*

बोटांनी ताल धरून म्हणून बघा. कुठे पाय अडकतो का? नाही अडकत. असं तो चोवीस-चोवीस ओळी चालवतो, आणि प्रत्येक जोड आतून बसलेला असतो. सुताराला दाखवा, सुतारसुद्धा मान डोलवेल.

त्याच्या डोक्यात यमकाखेरीज काही शिरत नाही याची खूणही त्याच्या डोक्यावरच आहे. सतरा वर्षांचा असताना सामन्याहून येताना बसवर दगड पडले, मग दार उघडून बंदरवाले आत शिरले, आणि एकानं याच्या टाळूवर सायकलची साखळी ओढली. आई जखमेवर कॉफीची पूड दाबत होती, रक्त नाकावरून ओघळत होतं, आणि हा म्हणत होता, "आई, साखळीला पाकळी चालते. मोकळी चालते. पोकळी पण चालते गं!" आईनं उरलेली पूड त्याच्या तोंडात कोंबली.

बंदरवाले कोण, ते सांगते. शहरात फुटबॉलचे दोन क्लब आहेत आणि माणसं त्यातल्या एकाची असतात; बंदरवाले पलीकडच्या क्लबचे. आमच्या बाजूच्या स्टँडमध्ये जी टोळी गायची तिचं नाव टोळधाड. चौदा वर्षांची टोळी. मरवान तिचा म्होरक्या. म्हणजे सामन्याकडे पाठ करून, कुंपणावर चढून, भोंगा घेऊन नव्वद मिनिटं लोकांना गायला लावणारा. त्यानं आयुष्यात आमचा एकही गोल पाहिलेला नाही. एरवी तो तळाशेजारी टायरचं दुकान चालवतो. आणि तो जे गाऊन घ्यायचा ते लिहायचा मिस्मार. चाळीस हजार माणसं त्याच्या ओळी ओरडायची आणि त्यातल्या साठ जणांना त्याचं नाव ठाऊक असायचं.

टोळीला एक निशाण असतं. आमचं चौदा मीटर लांब होतं, हातानं रंगवलेलं, मधोमध पंख उघडलेला टोळ. नियम सगळ्या शहराला ठाऊक आहे: पोलिसांनी निशाण नेलं तर नवीन शिवायचं. समोरच्या टोळीनं नेलं आणि आपल्या स्टँडमध्ये उलटं टांगलं, तर टोळी संपली. नाव पुसायचं, पुन्हा ते नाव कुणी घ्यायचं नाही. म्हणून निशाण कुठे झोपतं हे पाच-सहा जणांनाच माहीत असतं, आणि ते झोपतं बहुतेक कुणा म्हातारीच्या घरी, कारण म्हातारीवर संशय कोण घेणार?

आमचं झोपायचं खालती इज्जाकडे. आमच्याकडे मावशीला खालती म्हणतात; खालती इज्जा ही मरवानची आई आणि अख्ख्या दर्बची मावशी. ती लोकर धुऊन, पिंजून बैठकीच्या गाद्या भरते. एका गादीच्या पोटात निशाण शिवलेलं होतं, आणि पाहुणे त्यावर बसून पुदिन्याचा चहा प्यायचे.

आता नौफल. नौफल हा बंदरवाल्यांचा रॅपर. दात पांढरे, घरात माईक लावलेली खोली, काकांच्या पैशाची गाडी. वाईट लिहीत नाही. पण त्याचं यमक पाहुण्यासारखं येतं, चप्पल न काढता. गेल्या वर्षी त्यानं मिस्मारवर गाणं काढलं. त्यात म्हणाला, टॅक्सीत माणसं कोंबणाऱ्या, त्या टोळीशी तुझं नातं काय? निशाणाला कधी हात तरी लागलाय का तुझा?

याला हजार उत्तरं होती. त्याच्या काकावरच शंभर. पण मिस्मारला हे लागलं. कारण ते निम्मं खरं होतं; तो कधी मारामारीत पुढे नसायचा, लोक त्याला "आमचा वहीवाला" म्हणायचे. त्याला वाटलं, पुरावा द्यावा. त्यानं तीन दिवसांत उत्तर काढलं, आणि त्यात ही जागा आली:

*तिसऱ्या पायरीला तडा, दार निळं, गच्चीत लोकरीचं सुकतं खळं,*
*गादीच्या पोटी झोपलंय बळ, तुझ्या नखाला नुसता मळ.*

मला त्यानं जिन्यातच म्हणून दाखवलं होतं. मी टाळी दिली. मरवाननं टायरच्या ढिगावर बसून कानात लावून ऐकलं आणि म्हणाला, "खुया, भावा, पुन्हा लाव." पुन्हा लावलं. सगळ्या दर्बनं दिवसभर तेच गुणगुणलं. दुसऱ्या कुठल्या गल्लीत असं झालं नसतं. पण आम्ही सगळे कान असलेली माणसं, आम्हाला त्यात फक्त यमक ऐकू आलं. पत्ता कुणालाच ऐकू आला नाही.

बंदरवाल्यांना यमकातलं काही कळत नाही. त्यांना पत्ता ऐकू आला.

निळी दारं शहरात खूप. तिसऱ्या पायरीला तडाही खूप. पण गच्चीत लोकर कुठे वाळते?

शुक्रवारची नमाज झाली. दुपारचे दोन. या वेळेला दर्बमध्ये कुत्रंही नसतं, प्रत्येक घरात मोठ्या थाळीभोवती माणसं बसलेली, कुसकुस वाफाळतेय. मरवान मशिदीच्या दारातल्या गरिबांसाठी आईनं भरलेली थाळी डोक्यावर घेऊन गेला होता, दर शुक्रवारी जातो तसा. तेवढ्यात मासळीच्या खोक्यांची एक तीनचाकी आत आली. खोक्यांत मासळी नव्हती. नऊ जण होते, लोखंडी गज घेऊन.

खालती एकटी होती. दार लाथेनं उघडलं तसं तिनं काय करावं? ती जाऊन गादीवर बसली. नेमकी त्याच गादीवर. म्हणजे उरलेलं शोधायचं कामही तिनंच संपवलं.

"ऊठ आजी."

"तुझी आजी असेन तर तुझ्या बापाला मीच बुडवायला हवा होता, लहान असतानाच, बादलीत."

त्यांनी तिच्यासकट गादी ओढली. सुरीनं पोट फाडलं. लोकर खोलीभर उडाली, त्यांच्या नाकातोंडात गेली. निशाणाचं टोक बाहेर आलं तसं खालतीनं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि मनगटाला पीळ देऊन गुंडाळून घेतलं. मग ते निशाण ओढत गेले आणि निशाणाबरोबर खालती. उंबरा, पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर तिचं खुब्याचं हाड मोडलं. तो आवाज मी तोंडात घास घेऊन ऐकला. त्यानंतर जी किंकाळी आली ती ऐकून घास बाहेर आला.

मग दर्ब बाहेर पडला, हाताला कुसकुस चिकटलेली तशीच. समोरच्या बाईनं दुसऱ्या मजल्यावरून पितळी खल टाकला. तो एकाच्या खांद्यावर बसला आणि खांदा खाली लोंबला. कसायानं एकाचा कान धरला होता, माणूस सुटला, कान निम्माच सुटला. एका बंदरवाल्याचे दोन दात आमच्या जिन्यात सापडले, आठवडाभर पोरं ते खिशात घालून फिरत होती. पण नऊच्या नऊ तीनचाकीत चढले, कुणी चालत, कुणी फेकलेला. निशाण घेऊन गेले. आणि त्यातल्या एकानं सगळं मोबाईलवर घेतलं होतं.

रविवारी टोळ त्यांच्या स्टँडमध्ये उलटा टांगला, मग जाळला. सोमवारी मरवाननं तीन ओळींचा कागद भिंतीला लावला: टोळधाड संपली. हे नाव कुणी घेऊ नये. चौदा वर्षांसाठी माफ करा.

आणि मंगळवारी अकराला तो तळावर आला.

"मोहम्मदिया, मोहम्मदिया, एकच जागा, एकच..." मिस्मार ओरडत होता. त्याला काम सोडून पळता आलं असतं. तो पळाला नाही. लपलाही नाही.

मरवाननं गाडीत डोकावून पाहिलं. "किती बसलेत?"

"तीन."

"मग एक जागा कशी काय? इथे खोटं बोलतोस. खरं सांगायचं तर फक्त माझ्या आईच्या घराबद्दल, होय ना?"

"मरवान, मी..."

पहिला घाव उघड्या तोंडावर बसला. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. म्हातारे ड्रायव्हर बा जिलाली मध्ये पडले, त्यांना कोपर लागून ते बॉनेटवर आडवे झाले. दुसरा घाव मिस्मार गुडघ्यावर असताना. तोंडातून रक्त आणि त्यात एक दाढ. तीन उतारू टॅक्सीत तसेच बसलेले, त्यातली एक बाई म्हणाली, "अहो, गाडी सुटणार आहे का?"

मरवान वाकून त्याच्या कानात बोलला, पण असा, की सगळ्या तळाला ऐकू जावं. त्याला हळू बोलता येतच नाही, जन्म भोंग्यात गेलाय. "या दर्बमध्ये हे तोंड गाताना ऐकलं, की उजवी बाजू. समजलं?"

सरकारी दवाखान्यात जबडा तारेनं बांधला. सहा आठवडे हरीराचं सूप, तेही गाळून, नळीनं. तार निघाली तेव्हा तोंड जेमतेम एका बोटाइतकं उघडत होतं, आणि डावीकडे ओठाला ओठ टेकतच नव्हता. आता गंमत बघा, तळावर ओरडायचं काय? मोहम्मदिया! ज्या गावाच्या नावात ओठ दोनदा मिटावे लागतात तेच. हा ओरडला "ओहअद्दिया", आणि दोन बायका घाबरून दुसऱ्याच गावाच्या गाडीत जाऊन बसल्या. आठवड्यात तळावर दुसरा माणूस आला.

म्हणजे पोटही गेलं, टोळीही गेली, गल्लीत कुणी सलाम घेईना. राहिलं होतं ते लिहिणं. आणि लिहिलेलं म्हणायला तोंड नाही, आणि म्हणायला जागा नाही.

मी तेव्हा "ओहअद्दिया"ची नक्कल करून पोरींना हसवत होते. जिन्यात. वरून पावलं वाजली, पोरी पळाल्या, मी सापडले. वाटलं, कान उपटणार. तो खाली बसला. म्हणाला (मी नीट लिहिते, त्याच्यासारखं नाही), "पुन्हा काढ."

मी काढलं.

"चूक. तू ओठ मिटून आवाज नाकात ढकलतेस. माझे मिटतच नाहीत. ती अक्षरं मी टाकूनच देतो."  मग स्वतःशीच "टाकूनच देतो," पुन्हा म्हणाला, आणि उठून वर गेला, आणि वरून गोळ्यांचं खोकं फाडल्याचा आवाज आला.

त्याच आठवड्यात नौफलचं नवीन गाणं आलं. ताल चांगला होता, खोटं कशाला बोलू. आणि दर चार ओळींनी, धृपदाच्या जागी, खालती इज्जाची किंकाळी. तीच. मोबाईलवर घेतलेली, कापून, तालावर बसवून. सगळ्या शहरात वाजत होती. बसमध्ये, केस कापायच्या दुकानात, लग्नात. लग्नात लोक त्यावर नाचत होते!

दर्बमध्ये कुणी ते लावत नसे, पण गच्चीवरून येतंच. खालती पलंगावर, खुब्यात सळई, खिडकी उघडी. तिनं एक दिवस ऐकलं. पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "त्या खिळ्याला बोलवा."

मी त्याला घेऊन गेले, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"ये रे. बस. गादी नवी आहे, आत लोकरच आहे, भिऊ नकोस."

तो उभाच.

"माझं दार तू सांगितलंस?"

मान हलली.

"पायरीचा तडासुद्धा?"

मान हलली.

"पाच वर्षं घरमालकाला तो तडा दाखवतेय, त्याच्या डोळ्याला दिसत नाही. गाण्यात घातला असता तर बरं झालं असतं, पहिल्याच वर्षी." ती हसली, मग खुबा दुखला म्हणून शिवी हासडली. "आता ऐक. माझ्या घशातून निघालेलं त्या पोरानं चोरलंय. मला ते परत आणून दे. कसं ते मला माहीत नाही, मी गाद्या भरते."

"त्याला बंदी आहे," दारातून मरवान म्हणाला.

"हाड कुणाचं मोडलं? तुझं?"

"आई..."

"मग बंदी पण माझी. जा, चहा टाक."

मरवान गेला नाही. मिस्मारच्या समोर येऊन उभा राहिला. त्यानं ऐकलं होतं, तळावर सगळ्यांनीच ऐकलं होतं: बा जिलालींनी एका सामन्याच्या रविवारी दोन बंदरवाले आणि एक लांबलचक गुंडाळी टॅक्सीतून एका घरी सोडली होती. घर कुठलं ते बा जिलालींनी फक्त मिस्मारला सांगितलं होतं, म्हणजे त्यांचं निशाण कुठे झोपतं ते आता त्याला ठाऊक होतं. (कुठे ते मी लिहिणार नाही. तेवढं मलाही कळायला लागलंय.)

"गा," मरवान म्हणाला. "पण शेवटच्या ओळीत पत्ता घाल. एक घर सांगितलंस, आता दुसरं सांग. सांगितलंस तर तू आमचा, पहिल्यासारखा. नाही सांगितलंस..." त्यानं मिस्मारच्या उजव्या गालावर दोन बोटं ठेवली. हळूच.

दोन आठवडे वरच्या मजल्यावर पुठ्ठा फाटत होता. भिंतीतून ऐकू यायचं: एक ओळ, शिवी, तीच ओळ, थुंकी, तीच ओळ. त्यानं ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर न वापरता सोळा ओळी लिहायला घेतल्या होत्या. करून बघा एक. दोन शब्दांतच तुमचा बाप आडवा येईल, कारण त्याला बाबा म्हणा नाहीतर पप्पा, त्यात ओठ मिटतोच.

शुक्रवार, कुसकुसनंतर. खालतीला खुर्चीसकट उचलून दारात आणलं. दर्ब भिंतींना टेकून उभा. मरवान पायऱ्यांवर, मांडीवर पाना. एकानं स्पीकर आणला, एकजण चित्रण करत होता. मिस्मार मधोमध आला, खिशातून आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली आणि दोन ओठांमध्ये उभी धरली. ओठाला ओठ लागला तर सुई टोचणार आणि सगळ्यांना दिसणार. लोक हसले. मग ताल सुरू झाला आणि हसणं थांबलं.

सगळ्या सोळा ओळी मला तोंडपाठ आहेत, पण आठच देते:

*त्या दिवशी दारात दहाजण, हातात लोखंडी दात,*
*आजीच्या उशाशी घुसलात, हीच तुझी औकात!*

(होते नऊ. पण तालात दहाच बसतात, आणि लिहिणारा तो आहे.)

*किंकाळीचं गाणं केलंस, लोकांत तुझा जल्लोष,*
*आईच्या वयाचं हाड तुटलं, हाच तुझा जोश!*
*जिच्या हातच्या ताटाला चार गल्ल्यांचे हात लागले,*
*तिच्याच कंठाची चोरी करून चोर राजासारखे वागले.*

सुई हलली नाही. कडेनं लाळ गळत होती, गळ्याच्या शिरा टॅक्सीतळावर फुगायच्या तशा फुगल्या होत्या. खालती खुर्चीच्या हातावर बोटांनी ठोका धरत होती. आणि मरवान हळूहळू उभा राहत होता, कारण पंधरावी ओळ आली होती:

*खिळा गल्ली जाणतो, दार जाणतो, कुठे दडलंय तुझं निशाण,*

 कसायानं सुरीवरचा हात घट्ट केला, खरंच केला, मी पाहिलं. पोरांनी दुचाक्यांच्या किल्ल्या काढल्या. सोळाव्या ओळीत पत्ता सुटला असता तर अर्ध्या तासात कुठल्यातरी जिन्यावर कुणीतरी ओढलं गेलं असतं.

*तरी सांगणार नाही. तिथेही कुणी आजी, तिलाही हाडं आहेत, हे जाण.*

ताल नुसताच वाजत राहिला. मिस्मारनं सुई काढून कॉलरला टोचली. मरवान तीन ढांगांत त्याच्यापुढे आला. पाना वर गेला. मिस्मारनं काय करावं? त्यानं मान वळवली आणि उजवी बाजू पुढे केली. डोळे उघडे.

"मार, मार," खालती म्हणाली. "आणि सहा आठवडे नळीनं भरवायला तूच बस. त्याची आई दमली. तुझ्या हाताला चव असेल तर मार."

मरवाननं आईकडे पाहिलं. मग त्यानं पाना घुमवला, आणि स्पीकरवर घातला. एकदा, दोनदा, पाचदा. जाळी फुटली, आतला कागद फाटला, तरी घालत होता. तुकडे उडून एका पोराच्या भुवईला लागले, रक्त आलं. कुणी त्याला अडवलं नाही. शेवटी पाना तिथेच टाकून तो दुकानाकडे चालत गेला, हुंदके देत, आणि तेही त्याला हळू देता आले नाहीत.

मारलं नाही. पण "आमचा" असंही म्हणाला नाही.

टोळधाड परत आली नाही. नियम तो नियम. नौफलनं ते गाणं तिसऱ्या दिवशी उतरवलं. कुणी म्हणतं त्याच्या आईनं कानाखाली दिली. मी तिथे नव्हते, तेव्हा मी नाही म्हणणार. मिस्मारच्या सोळा ओळी मात्र शहरभर गेल्या, आणि शाळेची पोरं ओठांमध्ये टाचणी उभी धरून त्या म्हणतात, आणि सगळ्यांच्या ओठांतून रक्त येतं.

एक सांगायचं राहिलं. गाण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जिन्यात मी त्याला म्हटलं होतं, "तू पत्ता सांगणारच. शेवटच्या ओळीला तुझा धीर सुटणार, तुला परत त्यांच्यात जायचंय."

"जायचंय," तो म्हणाला. "लाव पैज."

लावली. गोगलगाईंचा एक वाडगा.

म्हणून शनिवारी दुपारी मी त्याला नाक्यावरच्या गाडीपाशी घेऊन गेले. त्याला चावता येत नव्हतं, तर त्यानं नुसता रस्सा मागितला, ओव्याचा, झणझणीत, आणि शंखातलं एकेक मांस टाचणीनं काढून, दोन दगडांत ठेचून भरवायची जबाबदारी हरणाऱ्यावर टाकली. मी म्हटलं, हे पैजेत नव्हतं. तो म्हणाला, पैज नीट ऐकत जा. आम्ही असे भांडत असताना गाडीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि भोंग्यासारख्या आवाजात म्हणालं, "एक वाडगा." मरवान. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. मिस्मारनंही पाहिलं नाही. दोघं मधल्या वाफेकडे बघत पीत राहिले, आणि मी मान खाली घालून चाळीस शंख रिकामे केले.